अर्ध्या ‘र’ची जागा

गल्लीत तिला सगळे नाववाली म्हणत. दारावर पाटी नव्हती, तरी नवा माणूसही फारशी चौकशी न करता बरोबर तिच्याच दारात येऊन उभा राहायचा, कारण मशीनची टकटक खिडकीतून थेट रस्त्यापर्यंत ऐकू यायची. ती कपड्यांवर नावं काढायची. हॉस्पिटलच्या कोटांवर डॉक्टरांची, शाळेच्या खेळाच्या सदऱ्यांवर संघांची, बेकरीवाल्याच्या एप्रनवर बेकरीचं. “बाकीचे लोक दिवसभर नावं ठेवतात, ही दिवसभर नावं काढते,” असं पाळणाघराच्या बाई म्हणायच्या, आणि स्वतःच्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसून घ्यायच्या.

भरतकामाचं मशीन पुढच्या खोलीत होतं. ते घरात आलं त्याला बावीस वर्षं झाली होती. मुलाचं लग्न झालं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. सून घरात आली आणि आठवडाभरातच तिच्या लक्षात आलं, की या घरात आपला नंबर दुसरा. तेव्हापासून मशीनचं नाव थोरली पडलं. “आई, थोरली रुसलीय बघा, सारखा दोरा तोडतेय,” असं ती आतून ओरडून सांगायची. “थोरलीला वेळच्या वेळी तेल. धाकटीला मात्र गार झालेला चहा,” हेही वर असायचंच. मुलाची नोकरी दुसऱ्या शहरात, तो पंधरा दिवसांनी यायचा. सून सकाळी दातांच्या दवाखान्यात जायची आणि दुपारी घरी आली की धाग्यांची रिळं लावणं, अस्तर कापणं, कपडे घडी घालणं, असं हाताला येईल ते करायची. अक्षरांना मात्र ती हात लावत नसे. ते सासूबाईंचं खातं.

आणि ते खातं होतं लॅपटॉपमध्ये. थोरलीला हात होते, डोकं नव्हतं. कुठलं अक्षर, केवढं, सुई कुठून निघणार आणि कुठे वळणार, हे सगळं लॅपटॉपच्या पोटात असायचं. तिथून ते पेनड्राइव्हवर घ्यायचं, पेनड्राइव्ह थोरलीला लावायचा, की थोरली कामाला लागली.

मशीनसोबत अक्षरं तयार मिळाली होती, पण ती तिला पहिल्या दिवसापासून खटकली. ‘ल’ असा, की कुणी रुसून पाठ फिरवून बसल्यासारखा. ‘श’ला तर गाठच नाही. तरी तिने वर्षभर तीच चालवली. मग एके दिवशी सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा आपला एप्रन परत घेऊन आला. त्याला हवं होतं ‘सुऱ्यांना धार लावून मिळेल’. मशीनने ‘ऱ्या’मधला र उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवला होता.

“वाचा,” तो म्हणाला.

तिने वाचलं. “सुर्यांना धार...”

“मी सूर्याला धार लावतो का? गिऱ्हाईक दिवसभर विचारतंय, की चंद्राचं काय घेणार!”

त्या दिवशी ती हसली आणि रडकुंडीलाही आली. मग बारीक चौकटींच्या कागदावर तिने स्वतःची अक्षरं काढायला घेतली. एकेका अक्षराला दोन-दोन दिवस जायचे. आधी पेन्सिलीने आकार, मग त्यात टाक्यांची दिशा, मग सुईचा रस्ता, शेवटी ते सगळं लॅपटॉपवर चढवायचं. जोडाक्षरांसकट सगळं पुरं व्हायला दहा महिने लागले. त्यात तो र पण होता, डोक्यावर न चढता ओळीतच आडवा पडणारा, पापणीसारखा. शाळेत त्याला अर्धा र म्हणायचे. पुढे गावातली माणसं कोटावरचं नाव बघून सांगायला लागली, हे नाववालीकडचं. तिने कुणाला सांगितलं नाही, पण रस्त्यात समोरून एखादा कोट आला की तिची नजर आधी खिशावर जायची, मग चेहऱ्यावर.

असा तो लॅपटॉप एका मंगळवारी दुपारी बंद पडला. बिजागरी तर आधीच गेली होती, झाकण भिंतीला टेकवून तो उभा असायचा. आता पडदाही काळा झाला. दुरुस्तीच्या दुकानदाराने तो उघडून, फुंकून, पुन्हा बंद केला.

“मावशी, याने आपलं आयुष्य जगून घेतलंय. याच्यावर आता खर्च करू नका.”

“अक्षरं?”

“अक्षरं आहेत. आतली डिस्क ठणठणीत आहे. पण तुमचा प्रोग्राम जुना. नव्या लॅपटॉपवर तो उघडायचाच नाही. मी तीन वेळा करून बघितलं दुसऱ्या एका गिऱ्हाइकासाठी.” मग त्याने मागच्या फळीकडे बोट केलं. “तो बघा, याचाच भाऊ. याच कंपनीचा, याच वर्षाचा. एका कचेरीतून आलाय, वापरलेला. तुमची डिस्क याच्यात घातली, की काल सोडलं होतं तिथून आज सुरू. मात्र बॅटरी धरत नाही, वायर लावूनच ठेवायचा. आणि किती दिवस चालेल ते विचारू नका. दोन वर्षं चालेल, दोन महिने चालेल.”

जुना लॅपटॉप तिथेच ठेवून, उद्या येते म्हणत ती घरी आली. पण मुलाने फोनवर सगळं ऐकून घेतलं, हूं हूं केलं, आणि तिसऱ्या दिवशी कुरिअरवाला नवा लॅपटॉप घेऊन दारात हजर.

“अरे, मला विचारायचंस तरी!” तिने मुलाला फोन लावून म्हटलं.

“विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. आई, म्हातारा गेला म्हणून त्याच्या जागी दुसरा म्हातारा आणायचा का? पडदा बघ केवढा आहे. डोळे बारीक करून बसतेस दिवसभर. पसंत नाही पडला तर पंधरा दिवसांत परत करता येतो, तेही घरून घेऊन जातात. वापरून तर बघ.”

पडद्याचं मात्र त्याचं खरं होतं. जुन्यावर तिला चष्मा नाकाच्या टोकावर आणि मान पुढे, अशी कसरत करावी लागायची. इथे अक्षर पडद्यावर भाकरीएवढं दिसत होतं आणि टाकान् टाका वेगळा. लॅपटॉप इतका हलका, की सुनेने तो एका हातावर पेलून धरला. भरतकामाचा नवा प्रोग्राम तिनेच घातला. त्यात चाळीस तऱ्हांची अक्षरं तयार होती. सासूबाईंनी त्यातल्या त्यात भारदस्त वळण निवडलं. ‘ल’ अजून पाठ फिरवूनच बसलेला होता, पण निदान सुबक बसला होता.

काम अंगावर होतंच. पाळणाघर नव्या जागेत जायचं होतं, आणि पोरांसाठी चाळीस छोटे एप्रन सांगून ठेवले होते. खिशावर नव्या घराचं नाव काढायचं, ‘हसऱ्या चेहऱ्यांचं घर’. बाई मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या, नाव त्यांनी स्वतः ठेवलेलं, आणि नऊ दिवसांनी सगळे एप्रन पोचायला हवे होते. ती सुनेला म्हणाली, “टाक ओळ.” सुनेने टाकली. ओळ पडद्यावर आली, ती ठसठशीत दिसत होती, आणि नाववालीने होकाराची मान हलवली.

थोरलीने त्या दिवशी बारा एप्रन काढले. कुठे दोरा तुटला नाही, कुठे गुंता झाला नाही. “बघा, थोरलीलासुद्धा आवडलाय,” सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई फिरून परत जाताना खिडकीशी थांबल्या. “झाले का माझ्या पोरांचे?” म्हणत आत आल्या, सगळ्यात वरचा एप्रन उचलला, हात लांब करून धरला. आणि मोठ्याने, वर्गात वाचतात तसं, वाचायला लागल्या.

“हसर्‌... या... चेहर्‌... यांचं... घर.” मग चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. “काय हो, माझ्या पोरांच्या डोक्यावर शिंगं कधी उगवली?”

तिने एप्रन हातात घेतला. ‘ऱ्या’ नव्हताच. दोन्ही ठिकाणी र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसला होता. ‘चंद्राचं काय घेणार’, ते वीस वर्षांनी पुन्हा दारात आलं होतं.

“तुमच्याकडून ही चूक?” बाईंचा आवाज खाली आला. टोमणा मारायला त्या कधी मागे हटत नसत, पण हा टोमणा नव्हता. “मी तर लोकांना सांगते, शुद्ध लिहिलेलं बघायचं असेल तर हिचे कोट बघा.”

“बघितलंच नाही हो मी,” ती म्हणाली. “खरंच नाही बघितलं.”

बाई गेल्यावर सून दवाखान्यात जायच्या गडबडीत थांबून म्हणाली, “आई, चूक माझी. मीच टाकली होती ओळ.”

“तू टाकलीस, पण मान मी हलवली.”

“मग एक करू या का? बाईंना सांगू, नाव बदला. ‘आनंदाचं घर’. नाहीतर नुसतं ‘हसरं घर’. हा र नकोच.”

“म्हणजे यंत्राला येत नाही म्हणून बाईंनी आपल्या घराचं नाव बदलायचं? उद्या कुणी आलं आणि यंत्राला त्याचं आडनाव आलं नाही, तर त्याने काय करायचं?”

सून ओशाळून हसली. “मग जुनाच आणा. परत पाठवू हा. तुमच्या लेकाला मी समजावते.”

सून गेली. ती खिडकीपाशी उसवणी घेऊन बसली. उसवणी म्हणजे टोकाला छोटा आकडा असलेली काडी, टाका उचलून कापायची. आधी तिला वाटलं, नुसती शिंगं उपटली की झालं. पण शिंग काढलं, तरी र ठेवायला ओळीत जागाच नव्हती. ‘स’ आणि ‘या’ एकमेकांना चिकटून उभे होते. अर्ध्या र साठी तिथे कुणी सरकून घेतलंच नव्हतं. म्हणजे अख्खी ओळ उसवायची, आणि तीही बारा वेळा.

उसवणं हे उलटं काम. शेवटचा टाका आधी निघतो. पहिल्या एप्रनला ती रागात होती, तिसऱ्याला दमली, पाचव्यानंतर बोटं आपोआप चालायला लागली आणि डोकं मोकळं झालं. तेव्हा तिला दिसलं, की शिंगं सगळ्यात शेवटी काढलेली आहेत. मशीनने आधी सगळा शब्द पुरा केला आणि मग, अरे हो, एक र राहिलाच की, म्हणून वरून टोपी घातल्यासारखा तो ठेवून दिला. तिच्या अक्षरांत तसं नव्हतं. तिच्यात सुई र च्या वेळेलाच र काढायची.

पण आठव्या एप्रनला तिला आणखी एक गोष्ट दिसली. उसवताना कुठेही मोकळा दोरा हाताला लागत नव्हता. एका अक्षरातून दुसऱ्यात जाताना सुई बारीक टाके घालत, मागल्या दाराने जावं तशी, पुढच्या अक्षराच्या पोटातून निघाली होती. तिच्या स्वतःच्या अर्ध्या र पाशी सुई उडी मारायची. र संपला की सुई वर उचलली जाई आणि ‘या’च्या काठावर उतरे. मधे दोऱ्याचा एक पूल राहायचा. उडीचा दोरा. तो कात्रीने कापायचा. वीस वर्षं, जिथे जिथे तो र आला, तिथे तिने थोरली थांबवून तो दोरा कापला होता. तिला वाटायचं, हा र आहेच असा आडमुठा, त्याला उडी लागतेच.

नाव बरोबर येत होतं, म्हणून वीस वर्षांत त्या अक्षराकडे तिने पुन्हा बघितलंच नव्हतं. आणि बघायची सवय गेली होती, म्हणूनच काल मान हलली.

दुपारी सून आली, तेव्हा बारा एप्रन कोरे होऊन पडले होते, सुईच्या भोकांसकट. भोकांवर वाफेची इस्त्री फिरवून दोघी दुकानात गेल्या.

दुकानदाराने तिची डिस्क त्या जुन्या लॅपटॉपमध्ये घालून ठेवली होती. “या मावशी. तुमचं माहेर तयार आहे,” म्हणाला. झाकण उघडलं, तसा पंखा घुरघुरला. आणि तोच निळा पडदा, त्याच कोपऱ्यात तीच चित्रं. तिचं बोट न विचारता बरोबर जागेवर गेलं. तिने ओळ टाकली. ‘हसऱ्या चेहऱ्यांचं घर’. ‘ऱ्या’ आला, दोन्हीकडे, ओळीत, पापणीसारखा.

“आला!” सून लहान मुलासारखी ओरडली. “आई, आला! घेऊन टाका.”

तिलाही बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर डोळे भरून आले. इथे ‘ल’ समोर तोंड करून बसला होता, ‘श’ला गाठ होती. हा घेतला, तर आज संध्याकाळपासून काम सुरू, सगळे चाळीस वेळेत, आणि पुन्हा कशाकडे बघायलाच नको.

तिने चष्मा नाकाच्या टोकावर ओढला, मान पुढे काढली आणि अक्षर मोठं केलं. र च्या शेपटीपासून ‘या’च्या काठापर्यंत एक बारीक तिरकी रेघ गेली होती. उडी.

“हा बंद पडला तर?” तिने विचारलं.

“याचा अजून एक भाऊ शोधू,” दुकानदार म्हणाला. “मिळतात. पण आता कमी मिळतात, हं.”

“म्हणजे दर वेळी आणखी जुना.”

“तसंच काहीसं.”

तिने पडद्यावरची ती तिरकी रेघ बोटाने गिरवली. मग तिने सुनेला म्हटलं, “तुझा फोन काढ. एकेक अक्षर मोठं करते, तू फोटो घे.”

“फोटो कशाला? घेतोय ना आपण हा?”

“नाही घेत.”

“आई! दहा महिने लागले होते तुम्हाला. आणि फोटोत नुसता आकार येणार, सुईचा रस्ता कुठे येणार? तो परत काढायचा म्हणजे...”

“रस्ताच तर बदलायचाय. याच्यात मला उडीच मारायला येत होती. आता दुसरी वाट दिसलीय, आणि ती मला या पडद्यावर दिसायची नाही.” मग म्हणाली, “सगळी नाही होणार लगेच. माझ्याच्याने होतील की नाही, तेही ठाऊक नाही. म्हणून तू शेजारी बसायचं. आकार मी काढीन, रस्ता तू टाकायचास. आणि मी मान हलवली तरी ऐकायचं नाही, दोघींनी वाचायचं. मोठ्याने.”

“म्हणजे थोरलीचं डोकं आता धाकटीकडे?”

“अर्धं.”

“अर्ध्या र सारखं,” सून म्हणाली, आणि फोन काढला.

दुकानदार हे सगळं ऐकत होता. “मावशी, मी ठेवून देऊ का हा बाजूला? काही अडलं तर?”

तिने लॅपटॉपचं झाकण मिटलं. “नको. ठेवलात, तर अडलं की मी इकडेच धावत येईन. कुणाला लागत असेल तर देऊन टाका.” पायरी उतरताना मात्र तिने एकदा मागे वळून फळीकडे बघितलं. सुनेने ते बघितलं, पण न बघितल्यासारखं केलं.

सगळी अक्षरं काढायला वेळ नव्हताच. त्या आठवड्यात फक्त एका ओळीतली काढायची होती. ह, स, च, घ, र, काना, मात्रा, अनुस्वार, आणि ऱ्या. जेवणाच्या टेबलावर चौकटींचे कागद पसरले. मुलाचा फोन आला तेव्हा त्याच्या बायकोने सांगितलं, “आत्ता नाही, आम्ही घ मध्ये आहोत.” घ एका दुपारी झाला. ह दोनदा फसला, त्याची कंबर जाड आली. अर्ध्या र ला तीन दिवस लागले. शेपटीतून सुई परत फिरवून ‘या’च्या पोटात कशी न्यायची, ते कागदावर जमे आणि कापडावर फिस्कटे. तिसऱ्या दिवशी सुनेने विचारलं, “आई, दोऱ्याने पुढून कशाला जायचं? ‘स’मधून निघतानाच ‘या’ची दांडी आधी घेतली तर? आणि मग मागे येऊन र?”

ती कागदावर वाकली. पेन्सिल उचलली, रस्ता उलटा काढून बघितला, सुनेकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे. “वीस वर्षं,” एवढंच म्हणाली.

सहाव्या दिवशी दुपारी पहिला एप्रन थोरलीच्या फ्रेममध्ये बसला. ‘ह’ झाला. ‘स’ झाला. सवयीने तिने टेबलावरची छोटी कात्री उचलली आणि मशीनवर ओणवी झाली. सुई ‘या’च्या दांडीवरून खाली गेली, मागे वळली, र ची पापणी भरत आली आणि थांबली नाही. तिचा डावा हात थांबवायच्या बटणाशी गेला, उजव्यातली कात्री उघडली, पण मधे कापायला काहीच नव्हतं. थोरली तशीच पुढे ‘चे’कडे निघून गेली.

“आई, वाचा,” सून म्हणाली. “मोठ्याने.”

कात्री उघडीच ठेवून ती वाचायला लागली.